नारळाच्या मापाची टोपी

१९ नोव्हेंबर, बुधवार

एका टोपीचा खरा हिशेब आज मांडून पाहिला. लोकर पंचवीस ग्रॅम. अख्ख्या तीन दुपारी. चहा सहा कप, त्यातले दोन नुसत्या गप्पा हाणायला आलेल्यांचे. सौ.ची मान. कमलाकाकूंचा उजवा अंगठा, जो यंदा थंडी पडायच्या आधीच वाकेनासा झाला. वरचा गोंडा वेगळा, त्याला अर्धा तास. लोकर माझ्या दुकानातली, न खपलेल्या रंगांची, म्हणून मी ती धरत नाही. लोकांना सांगताना मात्र धरतो.

दर बुधवारी दुकानाच्या वरच्या खोलीत अकरा बायका बसतात. दवाखान्यात वेळेआधी जन्मलेली लेकरं काचेच्या पेटीत ठेवतात, त्यांच्यासाठी टोप्या. दोन वर्षं झाली. मंडळाला काही नाव देऊ म्हटलं तर काकू म्हणाल्या, "नाव कायले पायजे? बुधवार हाय ना." तेव्हापासून बुधवारच.

मी खाली गल्ल्यावर. छतातून सगळं ऐकू येतं. सौ. घट्ट विणते, तिच्या सुया थंडीत दात वाजावेत तशा वाजतात. काकूंची क्रोशाची सुई वाजत नाही, हातातली बांगडी वाजते. कोण रुसली, कोणाची सून माहेरी गेली, कोण माझ्या चहाला पाणी म्हणते, सगळं जिन्यावरून खाली येतं. सायकलवर सुया-दोरे-बटणं घेऊन सेलूचा बाजार, केळझरचा बाजार वीस वर्षं केला. पाठमोरी बाई जावेच्या कानात "अजून दोन रुपये सोडीन हा" म्हणाली तरी मला कळायचं. त्या कानांवर हे दुकान उभं आहे. माझ्या कानातून काही सुटत नाही. इथं लिहून ठेवतो, कारण तोंडानं बोललो की सौ. हसते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तीनशेवी टोपी आज दिली. सगळ्याजणी ठेवणीतल्या साड्या नेसून, तीन ऑटोत. काकूंनी पिवळी टोपी, वर पिवळाच गोंडा, मोठ्या सिस्टरच्या हातात दिली. फोटो. मला बोलायला लावलं. बोललो. "या दवाखान्यात आता एकही लेकरू उघड्या डोक्याचं राहणार नाही." टाळ्या बऱ्या पडल्या.

निघताना दाराशी चपला घालत होतो. पडद्यामागं मोठी सिस्टर धाकटीला म्हणाली, "स्टोअरमध्ये ठेव वर. नाकावर येतात गं."

"गोंडा पण आहे. मान कलते त्यानं."

"कापून टाकू."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"कोणत्या तोंडानं सांगू? एवढ्या हौसेनं आणतात."

मी चपलेचा पट्टा पुन्हा एकदा लावला. बाहेर काकू ऑटोत अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. "भाऊ, सिस्टर काई बोल्ली का टोपीचं?"

"लय आवडल्या म्हणे."

ऐकलेलं सगळं बोलायचं नसतं. बाजारात हेच शिकलो. गिऱ्हाईक काय म्हणालं ते कानात ठेवायचं, तोंड होतं तसंच ठेवायचं.

शिवाय नाकावर येतात म्हणजे काहींच्या येत असतील. सगळ्यांच्या थोड्याच.

३ डिसेंबर, बुधवार

लेक प्रज्ञा बाळंतपणाला आली. जावईबापू नागपूरहून सोडून गेले. सातवा लागलाय. पाय सुजलेत, बीपी जरा वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीठ कमी, जिना नको. तरी पोरगी जिना चढून बुधवारात जाऊन बसली.

दुपारी छतातून:

प्रज्ञा: "आई, तीनशे लोकांच्या बाळांना झाल्या. माझ्या एकाला नाही?"

सौ.: "लेकरू हातात आल्याशिवाय त्याच्या नावाचा टाका घालत नसतात."

"कोण म्हणतं?"

"माही माय म्हणे. तिची माय म्हणे."

मग बराच वेळ फक्त सुया.

संध्याकाळी पोरगी माझ्याकडे आली. "बाबा, तुम्ही सांगा ना तिला. विहारात तर केवढं बोलता." खरं आहे. गेल्याच महिन्यात विहारात उभा राहून बोललो होतो की असल्या समजुती आता गाडून टाका. म्हटलं, "बाळ झालं की काकू एका दिवसात विणतील. तेवढ्यासाठी तुझ्या आईशी कशाला वाजवून घ्यायचं." ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही पण घाबरता." मी हसलो.

घाबरतो. तिच्या आधीचं एक गेलं होतं. त्याच्यासाठी सौ.नं आधीच झबलं शिवलं होतं.

१० डिसेंबर, बुधवार

आज सांगायचंच म्हणून चहा घेऊन वर गेलो. मधोमध नारळ. हा नारळ म्हणजे बुधवारचं माप. काकू तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. नुकत्या झालेल्या लेकराचं डोकं सोललेल्या नारळाएवढं, हा त्यांच्या हाताचा अंदाज. नारळावर नेलपॉलिशनं कपाळाची रेघ ओढली आहे. टोपी झाली की नारळावर चढवायची, रेघेला टेकली की पास. दोन वर्षांत आतलं खोबरं सुटून गोटा झालाय. टोपी चढवताना आत गडगडतो.

म्हटलं, "काकू, हा नारळ जरासा मोठा नाही होत?"

"भाऊ, धा मिनिटाचं लेकरू हातात घेतलं का तुमी कधी?"

"नाही."

"मंग चूप बसा, न् चहा सांडू नोका लोकरीवर."

हशा. कोणीतरी म्हणालं, "भाऊले आता नारळ बी खुपून राह्यला." मीही हसलो. कप ठेवून खाली आलो.

काकू चुकत नाहीत. पूर्ण दिवसांच्या लेकराचं डोकं तेवढंच असतं. त्यांच्या हातात आली ती सगळी पूर्ण दिवसांची. पेटीतलं लेकरू त्यांनी कधी पाहिलंच नाही. आमच्यापैकी कोणीच नाही. दोन वर्षं दारातूनच देऊन येतो.

पुढच्या बुधवारी सांगीन.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी प्रज्ञाचं डोकं ठणकायला लागलं. डोळ्यापुढं काजवे म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत झटका आला. लगेच ऑपरेशन. दुपारी सव्वाबाराला मुलगी.

नऊशे साठ ग्रॅम.

आयुष्य लोकर तोलण्यात गेलं. शंभराच्या दहा लड्यासुद्धा नाही.

काचेच्या पेटीत ठेवली. कोणीतरी म्हणालं, ऊब पाहिजे, डोकं झाकलेलं पाहिजे. सौ. काही न बोलता उठली, ऑटो केला, दुकानातून त्यातल्या त्यात लहान टोपी घेऊन आली. पांढरी, गोंडा अजून न लावलेली. समजूत कुठल्या कुठं गेली. मोठ्या सिस्टरनं टोपी आत नेली. काचेतून दिसलं. हनुवटीपर्यंत आली. तोंड दिसेना. सिस्टरनं झटकन काढली.

मग तिनं पट्टी बांधायचा जाळीदार मोजा असतो, लांब, त्याचा चार बोटं तुकडा कापला, एका टोकाला दोऱ्याची गाठ मारली, चढवला. बसला. अर्धं मिनिट लागलं.

सौ. त्या गाठीकडे बघत राहिली.

प्रज्ञा शुद्धीत आल्यावर पहिलं म्हणाली, "रडली का?" जावईबापू म्हणाले हो. ते तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते.

१५ डिसेंबर, सोमवार

मोठी सिस्टर सौ.शी चांगलं बोलली, जीव लावून. "मावशी, मनाला लावून घेऊ नका. मागंच सांगणार होतो आम्ही, पण तुम्ही सगळ्या एवढ्या खुशीत होत्या. पडद्यामागं आमचं तेच चाललं होतं त्या दिवशी."

सौ. माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. मग:

"त्या दिवशी चपला घालाले तुमाले येवढा वेळ काऊन लागला?"

मी पायातल्या चपलांकडे पाहिलं.

"आयकू आलं होतं."

"हो."

दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी डबा उघडून पुढं ठेवला. म्हणाली, "जेवून घ्या." मग, मी घास घेतल्यावर, "दुसऱ्याचे लेकरं होते तवरोक चाललं तुमाले."

१७ डिसेंबर, बुधवार

वर गेलो. सौ. दवाखान्यात, तिची जागा मोकळी. सगळ्या प्रज्ञाचं विचारायला लागल्या. म्हटलं, आधी माझं ऐका. सांगितलं. नाकावर येतात. गोंडे कापतात. तीन आठवड्यांपासून मला माहीत आहे.

वरच्या खोलीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

काकूंनी हातातली टोपी मांडीवर ठेवली. "तीन आठवड्यात मी चार टोप्या इनल्या, भाऊ." अंगठा पुढं केला. "ह्या अंगठ्यानं."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं ना. घंटाभर लाज वाटली असती. मंग म्या माप बदललं असतं." मग हळू, "तुमच्या नातीले झाली असती एक."

एकीनं नाक ओढलं. काकूंनी नारळ उचलून खिडकीत ठेवला, तोंड भिंतीकडं असल्यासारखा, रेघ पलीकडं.

"केवढं हाय पोरीचं डोस्कं?"

मी मूठ दाखवली. नाही. मूठ थोडी मोठी होत होती. इकडं तिकडं पाहिलं, सापडेना. मग म्हटलं, "लहान संत्र्याएवढं."

"मंग आना ना. बसले काऊन?"

चौकातल्या गाडीवर गेलो. तो वरची मोठी मोठी काढून दाखवायला लागला. म्हटलं, लहान पाहिजे, सगळ्यात लहान. "भाऊ, आजपर्यंत कोणी मले लहान मागतलं नाई." तळाशी हात घालून काढून दिलं. हातात धरलं तेव्हा पहिल्यांदा कळलं केवढी आहे ती. काचेतून कळत नव्हतं.

लोकर नाही, सुती दोरा. टोपी उकळता आली पाहिजे. गोंडा नाही. सिस्टरला फोन करून काकूंनी स्वतः विचारून घेतलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दवाखान्याच्या जिन्यात एक माणूस खाली येत होता. वीटभट्टीवरचा असावा, पायाला लाल धूळ. हातात टॉवेलची गुंडाळी, वर पिवळा गोंडा. आमची टोपी. तीनशेवी. मला एवढं बरं वाटलं की मी हसून विचारलं, "निघालं का लेकरू घरी?"

तो थांबला. "हो जी. घरी."

मागं त्याची बायको होती, भिंतीला धरून. पदर तोंडात कोंबलेला. तेव्हा लक्षात आलं की टोपी हनुवटीपर्यंत ओढलेली आहे.

बाजूला झालो.

सिस्टर म्हणाली, "जाताना देतो आम्ही तुमच्या टोप्या. सगळ्यांनाच. चांगली होऊन जातात त्यांनापण. यांनी पिवळी मागून घेतली."

बाकावर बसून ठरवलं, हे काकूंना सांगायचं नाही. मग मी हे परत ठरवतोय असं ध्यानात आलं. फोन केला. सांगितलं. पलीकडून बांगडीसुद्धा वाजली नाही. मग म्हणाल्या, "झाकलं तं गेलं. उघडं नाई गेलं." फोन ठेवला.

२१ डिसेंबर, रविवार

वजन आठशे नव्वद. पहिले काही दिवस घटतंच, म्हणाले. पण रात्रीपासून श्वास विसरतेय, मध्येच थांबते. जंतू लागलेत रक्ताला. आवाजाच्या वाटेनं घशात नळी घातली, मशीन श्वास देतंय. डॉक्टरांना विचारलं, कितपत? ते म्हणाले, "आज आहे. उद्याचं उद्या." सरळ माणूस. धंद्यात असा माणूस मला आवडला असता.

प्रज्ञालाही ताप, टाके चिघळलेत. त्यामुळं तिला आत सोडत नाहीत. आठ दिवसांत तिनं पोरीला फक्त जावईबापूंच्या मोबाईलवर पाहिलंय.

काकूंच्या सात टोप्या आल्या. सुती, पांढऱ्या, बिनगोंड्याच्या. संत्रं दोन दिवसांत सुकून आक्रसतं, म्हणून रोज नवीन आणावं लागतं. काल विणलेलं आज नव्या संत्र्यावर घालून बघतात. जुनी संत्री कोणी खात नाही. खिडकीत नारळाशेजारी ओळ लागली आहे. सौ. आज पहिल्यांदा नीट बोलली. "अंगठा सुजला काकूंचा. मलम घेऊन जाजा." एवढंच, पण बोलली.

स्टोअरमधल्या जुन्या टोप्या परत मागायला मी धजलो नाही. काकूंनी मागितल्या. उसवायच्या म्हणाल्या. सिस्टर म्हणाली, राहू द्या, जाताना लागतात.

२३ डिसेंबर, मंगळवार

आठशे सत्तर.

प्रज्ञाजवळ बसलो होतो. तिनं हात धरला. "बाबा, खरं सांगा. ती रडली होती का तेव्हा?"

"जावईबापूंनी सांगितलं ना."

"ते खोटं बोलतात तेव्हा चष्मा पुसतात."

सुटत नाही तिच्याही नजरेतून. माझीच पोरगी.

"मला तिचा आवाज माहीत नाही, बाबा. माझ्या पोटात नऊ महिनेपण राहिली नाही, आणि मला तिचा आवाजसुद्धा माहीत नाही. सगळे वजनच सांगतात. तुम्ही जा. तुमचे कान आहेत ना. लहानपणी मी माडीवर उशीत तोंड खुपसून रडले तरी तुम्ही खालून वर यायचे. कशी रडते ते ऐकून या आणि मला सांगा. जाड आहे की बारीक आहे. माझ्यासारखी रडते का."

म्हटलं, उद्या जातो.

२४ डिसेंबर, बुधवार

आज बुधवार दवाखान्याच्या व्हरांड्यात बसला. काकूंचाच हट्ट. बाकावर अकरा जणी, मांडीवर सुती दोरा, मधल्या बाकावर संत्रं. येणारे-जाणारे बघत होते. एका पोरीच्या आजीनं तिथंच बसून टाके घालायला घेतले. हात चांगला होता तिचा.

चार वाजता सिस्टरनं मला हाक मारली. आजोबांना आत सोडत नाहीत, पण काचेपर्यंत चला म्हणाली. पडदा सारला.

पांढरी टोपी डोक्यावर. काकूंची. कडेला एक घडी मारलेली, म्हणजे संत्र्याचं मापही किंचित मोठंच. पण डोळे दिसत होते. पहिल्यांदा पाहिले. बंद होते. छातीवर वायर, तोंडात नळी, गालावर पट्टी. पाय माझ्या अंगठ्याएवढा.

एकदम सगळी लाल झाली. कपाळावर आठ्या, हनुवटी थरथरली, नळीच्या बाजूनं तोंड उघडलं, मुठी वर. मी सिस्टरकडे पाहिलं. ती म्हणाली, "रडतेय. चांगलं आहे. काल एवढीपण हालत नव्हती."

चांगलं म्हणजे किती चांगलं, ते विचारलं नाही.

व्हरांड्यात सुया वाजत होत्या. सौ.ची ओळखली. लांब कुठंतरी बादली सरकवली कोणी. खाली ऑटोवाला गिऱ्हाइकाशी भांडत होता. वर प्रज्ञा वाट पाहत असेल. मी चष्मा काढला, काचेला कान लावला, दुसरा हातानं झाकून घेतला. ती रडतच होती.

मला काही ऐकू आलं नाही.